दोन बोटांसाठी अर्ज

सभेत तोंडातून गेलेलं वाक्य कार्यवृत्तात कसं उतरेल, याचा विचार करूनच माणसानं बोलावं. चौदा वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक म्हणून बसल्यावर मला हे कळायला हवं होतं. तरीही १९५४ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, आमच्या वटार गावच्या शाळेत भरलेल्या सभेत मी म्हणालो, "त्यात एवढं कठीण काय आहे? एकेक तार तर ओढायची."

वाद्यमंडळीचे चिटणीस मार्सेलमास्तर यांनी लिहिलं: 'श्री. डॉमनिक यांनी डबल बेस वाजवण्याचे मान्य केले.'

मी हरकत घेतली. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "सभा संपली, डॉमनिक," ते म्हणाले, आणि वही बंद केली.

डबल बेस म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन. आमचा बेस पाच गावांच्या वाद्यमंडळीच्या मालकीचा. त्याचा गज एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ला, तेव्हापासून तो नुसत्या बोटांनी वाजवला जाई. गेली सव्वीस वर्षं तो वटारला होता, कारण वाजवणारा गॅब्रिएलकाका वटारचा. मंडळीचा नियम तिसरा असा होता की ज्या गावी वादक असेल त्या गावी वाद्य राहील; ईस्टरनंतरच्या रविवारी, सणाच्या दिवशी, त्या गावच्या वादकाला वाजवता आलं नाही तर ते पुढच्या गावाला जाईल. पुढचं गाव सोपारा. सोपाऱ्याच्या वॉल्टरनं बेस आत न्यायला आपल्या घराचं दार पुरेल की नाही, हे दोरीनं मोजून ठेवल्याचं आम्हाला कळलं होतं.

जानेवारीत वाडीतल्या रहाटात गॅब्रिएलकाकाच्या उजव्या हाताची दोन बोटं अडकून मोडली. हाडं जुळली, पण ती बोटं यापुढे वाकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तरांनी सभेत तिसरा नियम वाचला तेव्हा मांडीवरचा पट्टी बांधलेला हात काकानं फक्त पालथा केला. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर त्याच्या घरात त्याच्यासमोर उभं राहणारं बेसशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं. माझं वाक्य मागे घेण्याची माझी तयारी होती. सभेनंतर तो हात पुन्हा पाहिल्यावर ती राहिली नाही.

सभा रविवारी झाली आणि बुधवारी ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला.

उपवासकाळात आमच्याकडे लग्नं होत नाहीत, बँड वाजत नाही, आणि ज्यांच्या घरी वाद्य आहे ते त्याला हात लावत नाहीत. गॅब्रिएलकाका याबाबतीत पाद्रीबाबांपेक्षाही कडक होता. राखेच्या बुधवारी त्यानं बेस जुन्या चादरीत गुंडाळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा केला. मी पहिल्या धड्याला गेलो तेव्हा पडवीत तुळईपासून खाली जात्याच्या तळीपर्यंत चार दोर ताणून बांधलेले होते. दोर काथ्याचे होते आणि प्रत्येकाची जाडी वेगळी होती.

"हे काय?"

"बेस," काका म्हणाला. "काथ्याला आवाज नाय. आवाज नाय म्हणजे पाप नाय."

"आणि डावा हात?"

"डावा नंतर. डावा हात सूर शोधतो, उजवा बोलतो. मुक्याला सूर सापडून काय करायचंय?"

हे मला पटलं. पुढं जे घडलं त्याचं मूळ या पटण्यात आहे, म्हणून ते इथं नोंदवून ठेवतो.

तार ओढण्याची पद्धत वाचकांना सांगतो, कारण ती मला सव्वासहा आठवडे सांगितली गेली. अंगठा तारांखालच्या लाकडी पट्टीच्या कडेला टेकवायचा आणि तिथून हलवायचा नाही. बोटाचं टोक वापरायचं नाही. पहिल्या पेराची कडेची मांसल बाजू तारेवर आडवी ठेवायची. तार आपल्याकडे उचलायची नाही, शेजारच्या तारेच्या दिशेनं ढकलत न्यायची आणि बोट त्या शेजारच्या तारेवर जाऊन विसावलं पाहिजे. जोर मनगटातून नाही, खांद्यातून येतो. तर्जनी एकदा, मधलं बोट एकदा, जसे माणसाचे पाय चालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तार वाजते ती ओढताना नव्हे, सोडताना.

"लवकर सोडतोस," काका म्हणायचा.

"आवाज येत नाही, तर लवकर सोडली हे तुम्हाला कसं कळतं?"

"दिसतं."

मी कचेरीला जाण्यापूर्वी सकाळी एक तास आणि रविवारी तीन तास त्याच्या पडवीत उभं राहून दोर ओढू लागलो. पडवी रस्त्याला लागून आहे. केळीच्या बागांकडे जाणारं अर्धं गाव तिथून जातं. पहिल्या आठवड्यात शेजारची रोझी टोपली घेऊन थांबली आणि सभोवार बघत म्हणाली, "गाय सुटली का काय रे, डॉमनिक?" दुसऱ्या आठवड्यात लोक सल्ला देऊ लागले. पाणी शेंदणाऱ्यांनी सांगितलं की दोर दोन्ही हातांनी ओढावा. माडावर चढणाऱ्या एकानं माझी बोटं पाहिली आणि अशा बोटांनी आपण अंगणही झाडलं नसतं असं मत दिलं. कोणीही वाद्याविषयी एक शब्द बोललं नाही. दोराविषयी मात्र वटारमध्ये प्रत्येकाला काही ना काही ठाऊक आहे.

माझी बायको लूर्डस हिचं म्हणणं वेगळं होतं. मी जेवताना चटईच्या कडेचे दोरे ओढतो, प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर पुढच्या बाकाची कड ओढतो, आणि एकदा तिच्या भावाशी बोलताना मी त्याच्या सदऱ्याची बाही आठ वेळा ओढली. आठ हा आकडा तिचा. मी पाच मोजले होते.

अकराव्या दिवशी तर्जनीला फोड आला, बाराव्या दिवशी मधल्या बोटाला. चौदाव्या दिवशी दोन्ही फुटले.

"दारूत बुडव," गॅब्रिएलकाका म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. कातडं चामड्यासारखं होतं. मी असंच केलंय."

"दारूबंदी आहे, काका."

"मी प्यायला सांगतो का? बोटं बुडव म्हणतो."

वटारमध्ये दारू मिळत नव्हती असं नाही. पण दारूबंदीच्या कायद्याची बातमी ज्यानं स्वतः मथळा देऊन पहिल्या पानावर लावली, त्या माणसानं केळीच्या बागेमागे उभं राहून बाटली घेणं मला शोभलं नसतं. कायद्यात परवान्याची सोय होती. मी सरकारी कचेरीत गेलो आणि अर्ज केला: 'उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट यांच्या केवळ बाह्य उपयोगासाठी.'

कारकून सज्जन होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"पिणार कोण?"

"कोणीही नाही."

"मग परवाना कुणाच्या नावे?"

"माझ्या. पण उपयोग या दोघांचा." मी बोटं दाखवली.

त्यानं छापील नमुना पुढे ओढला. "इथं वय लिहायचंय. बोटांचं किती लिहू?"

"चाळीस."

"आणि तुमचं?"

"तेवढंच."

"दारूवाचून अर्जदाराच्या प्रकृतीला धोका आहे, असा डॉक्टरांचा दाखला लागतो," त्यानं हळुवारपणे सांगितलं. "आणि सवय जुनी आहे याची गावात चौकशी होते. बोटांना सवय किती वर्षांची?"

"अजून लागायची आहे."

"मग नवीन परवाना मिळत नाही, साहेब. आधी सवय दाखवावी लागते."

तरी त्यानं अर्ज ठेवून घेतला; डॉक्टरांनी मला तपासून जो दिला तो दाखला मी नंतर जोडला. चांगल्या माणसानं ठेवून घेतलेल्या अर्जाइतकी धोकादायक वस्तू दुसरी नाही, हे मला आठवड्यानं कळलं. एक जमादार वटारला चौकशीसाठी आला. मी कचेरीत होतो. डॉमनिकला परवाना हवा आहे आणि त्यासाठी तो जुना दारुडा ठरला पाहिजे, एवढं गावाला समजलं. आणि गॅब्रिएलचा बेस गावात राहावा अशी तर सगळ्यांचीच इच्छा. रोझीनं सांगितलं की मी लहानपणापासून पितो. वाडीवाल्यांनी सांगितलं की मला दोनदा पाटातून बाहेर काढलं आहे. मार्सेलमास्तरांनी चिटणीस या नात्यानं लेखी दिलं: 'सदर इसम व्यसनी असल्याची सर्व गावास माहिती आहे.'

मी आयुष्यात एकदाच, माझ्या लग्नात, अर्धा पेला वाइन प्यायलो आहे. ती मला आवडली नव्हती.

"मास्तर, तुम्ही खोटं लिहून दिलंत," मी म्हणालो.

"गावास माहिती आहे असं लिहिलं," मास्तर म्हणाले. "ती खरी आहे असं कुठं लिहिलंय?"

उत्तर आलं: अर्जदाराची प्रकृती उत्तम असल्याचा डॉक्टरी दाखला जोडलेला असल्यामुळे अर्ज नामंजूर. पण तोवर चौकशीची बातमी आगाशीला पोचली होती. आगाशीहून माझे सासरे आले. ते ओट्यावर बसले, पाणीही घेतलं नाही, आणि लूर्डसला म्हणाले, "तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस, बाय."

"सांगण्यासारखं काही नव्हतं, पप्पा."

"सोसणाऱ्या बाया असंच बोलतात."

मी त्यांना दोर, फोड, नियम तिसरा आणि अर्ज असं सगळं क्रमानं सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पिणाऱ्याची गोष्ट नेहमी लांबच असते." गावच्या क्रुसासमोर मी यापुढे दारूला स्पर्श करणार नाही अशी शपथ घ्यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. ती घेण्यात मला काही सोडावं लागत नव्हतं, म्हणून घेतली. त्या रविवारच्या प्रवचनात पाद्रीबाबांनी नाव न घेता आपल्यातल्याच एका सुशिक्षित बंधूच्या परिवर्तनाचा उल्लेख केला. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. गॅब्रिएलकाका शेजारी बसला होता. तो कुजबुजला, "आता बोटं कशात बुडवणार?"

तो प्रश्न अर्नाळ्याच्या काळूरामनं सोडवला. काळूराम कोळी आमच्याकडे मासळी घेऊन यायचा. त्यानं माझी बोटं उलटसुलट पाहिली.

"दादा, आमची जाली फाटत नाय ती कशामुलं? सालीचा काढा करतो आमी, तांबडा. त्यात जाला बुडवला की सुतली लोखंड होते. तू ये. दोन बोटा काय, कोपरापर्यंत बुडव."

"त्यानं कातडं कठीण होईल?"

"होनार नाय कसा? माज्या हाताकडं बघ." त्याचे हात वहाणेसारखे होते.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर झाडाची साल उकळलेल्या त्या भल्यामोठ्या भांड्यात मी दोन रविवार हात बुडवला. काळूराम म्हणाला ते खरं निघालं. बोटं कठीण झाली, दोराचा त्रास थांबला. फक्त उजवा हात मनगटापर्यंत विटकरी तांबडा झाला आणि साबणानं, राखेनं, लिंबानं, कशानंही निघेना. घामानं मात्र रंग सुटे, आणि कचेरीत माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक प्रुफावर दोन तांबडे ठसे उमटू लागले. खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी ते दुरुस्तीची खूण समजून एका मंत्र्याच्या भाषणातली दोन वाक्यं गाळली. संपादकांनी फलकावर सूचना लावली की उपसंपादकांनी हात धुऊन प्रुफं तपासावीत. सूचनेत अनेकवचन होतं. हात तांबडा एकाचाच होता.

पण मी शिकत होतो. पाचव्या आठवड्यात गॅब्रिएलकाकानं "लवकर सोडतोस" म्हणणं कमी केलं. सहाव्यात तो माझ्याकडे पाठ करून मिरच्या निवडत बसू लागला. शिष्याला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं मी पाहिलेलं नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बेसवरची चादर काढली. सणाला सहा दिवस राहिले होते. मी अंगठा पट्टीला टेकवला, तर्जनी सगळ्यात जाड तारेवर आडवी ठेवली, खांद्यातून जोर दिला आणि वेळेवर सोडली. आवाज पडवीच्या जमिनीतून माझ्या टाचांत आला. गॅब्रिएलकाका उभा राहिला. मी मधल्या बोटानं दुसऱ्यांदा ओढली, आणि तार तुटली.

ती जनावराच्या आतड्याची तार होती, आठ वर्षांची. माझी बोटं काथ्यावर आणि जाळ्यांच्या काढ्यात तयार झालेली होती. एक गेली की तारांना आधार देणाऱ्या लाकडी पुलावर वाकडा ताण येतो, म्हणून काकानं उरलेल्या तीनही सैल केल्या. मंगळवारी मी मुंबईत दुकान शोधलं. दुकानदार म्हणाला की तशी तार मागवावी लागेल. ती शुक्रवारी आली. शनिवारी दुपारी काकानं डाव्या हातानं आणि दातांनी तार चढवली, चारही सुरात लावल्या, आणि मार्सेलमास्तर उद्याच्या नऊ चालींची यादी घेऊन आले.

"पहिली चाल वाजव," काका म्हणाला.

मी उजवा हात जागेवर ठेवला. डावा हात वर नेला, बेसच्या मानेशी. तिथं तो थांबला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि परत खाली आणला.

"काका," मी म्हणालो, "डावा हात."

गॅब्रिएलकाका उंबऱ्यावर बसला. "मी तुला डावा शिकवलाच नाय."

"तुम्ही नंतर म्हणाला होतात."

"हो. नंतर." तो भिंतीकडे पाहू लागला, जिथं सव्वीस वर्षं टेकल्यानं चुन्यावर एक गुळगुळीत डाग पडला होता. "मोकळ्या तारा चार. चार तारांचे चार सूर. नऊ चालींतली दीड होईल."

"दीड चालीला नियम काय म्हणतो?" मी मास्तरांना विचारलं.

"नियम दिडाविषयी गप्प आहे," मास्तर म्हणाले. "सोपारा गप्प बसणार नाही."

मग आम्ही भांडलो. चूक कोणाची यावर दोन सभ्य माणसं भांडतात तसे, म्हणजे प्रत्येकजण चूक आपली म्हणत होता आणि दुसऱ्याला ते मान्य करू देत नव्हता. लूर्डस माझं जेवण घेऊन आली होती. ती बराच वेळ डबा हातात धरून ऐकत राहिली.

"ह्यांचा उजवा आहे," ती शेवटी म्हणाली. "काकांचा डावा आहे. ओरडताय कशाला?"

रविवारी चर्चमधल्या सणाच्या मिस्सेनंतर मांडवात पाचही गावांची मंडळी जमली. व्हायोलिनवाले बसले, क्लॅरिनेटवाला बसला. बेस मधोमध उभा केला. मी उंच, काका बुटका. तो माझ्या डाव्या बाजूला, केळीच्या खोक्यावर उभा राहिला आणि डावा हात त्यानं बेसच्या मानेवर नेला. माझा उजवा हात खाली होता. उरलेल्या दोन हातांचं काय करायचं हे आम्ही ठरवलं नव्हतं. त्याची बांधलेली बोटं त्यानं स्वतःच्या छातीशी धरली. माझा डावा हात काही दुसरी जागाच नसल्यामुळे त्याच्या कमरेभोवती गेला. मांडवात हशा पिकला. माझे सासरे पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली. मी शपथ मोडली अशी त्यांची खात्री झाली असावी.

पहिली चाल सुरू झाली.

तिचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी ती ऐकली नाही. मी काकाचा श्वास ऐकत होतो. सूर बदलण्याच्या आधी त्याचा श्वास थोडा थांबायचा आणि तो थांबला की मी तार सोडायची, हे मला दुसऱ्या चालीत समजलं. तिसऱ्या चालीत हशा थांबला. पाचवीत लोक पायानं ठेका धरू लागले. सातव्या चालीच्या मध्ये माझी बोटं दुखू लागली आणि मग दुखायची थांबली. नवव्या चालीचा शेवटचा सूर लांब होता. काका बोट तारेवर डोलवत राहिला तोवर तो सूर मांडवात राहिला.

टाळ्या संपण्याआधीच वॉल्टर उभा राहिला.

"चिटणीस, हरकत आहे! नियमात वादक म्हटलंय. वादक म्हणजे एक. हे दोघं आहेत. असं चाललं तर उद्या आम्ही चौघं मिळून एका बासरीला लागू!"

काहीजण हसले. गॅब्रिएलकाका खोक्यावरून उतरला नाही. बेसच्या मानेवरचा त्याचा हातही निघाला नाही. त्यानं मास्तरांकडे पाहिलं आणि उजवा हात माझ्या दिशेनं केला.

"वादक हा," तो म्हणाला. "मी नुसता धरून उभा होतो. पडू नये म्हणून."

सव्वीस वर्षांनंतर हे वाक्य म्हणायला माणसाला किती जोर लागला असेल, आणि तो खांद्यातून आला नसेल एवढं मला कळलं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "वादक हे. मी दोर ओढणारा."

"मग दोघंही नाही!" वॉल्टर म्हणाला.

मार्सेलमास्तरांनी वही उघडली. नियम तिसरा स्वतःशी वाचला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग ते आमच्याजवळ आले, बेसभोवती एक फेरी मारली, आणि बोट दाखवत मोजलं.

"वाद्य वाजवायला वादकाला हात दोन लागतात," ते मांडवाकडे वळून म्हणाले. "एक डावा, एक उजवा. इथं डावा एक आहे. उजवा एक आहे. दोन्ही वटारचे आहेत. तीन असते तर हरकत विचारात घेतली असती." आणि त्यांनी उभ्याउभ्याच लिहून घेतलं.

वॉल्टर बसला. थोड्या वेळानं त्यानंच बेस उचलायला हात लावला, कारण आम्हा दोघांचेही हात त्या लायकीचे राहिले नव्हते. बैलगाडीत आम्ही बेस आडवा ठेवला आणि दोन बाजूंना बसलो. घर आलं, बेस आत गेला, आपल्या डागाला टेकून उभा राहिला. काकानं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, मग माझ्याकडे वळला.

"दोनदा लवकर सोडलीस," तो म्हणाला.

प्रत्यक्षात चारदा सोडली होती. चूक दिसली की दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. ती मात्र मी तशीच जाऊ दिली.